तुझ्या वाटणीची प्रार्थना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी "प्रार्थनेचे विषय सांगा" म्हटलं की पहिला विषय गुडघेदुखीचा येतो. मग कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाच्या दिराचं बीपी. सगळे विषय खरे असतात आणि प्रार्थनाही मनापासून होते. पण इतकी वर्षं मी त्या सभेत बसते आहे, "माझ्या मनात जावेबद्दल अढी बसलीय, त्यासाठी प्रार्थना करा" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही कधी म्हटलं नाही. विश्वासात एकट्यानं वाढता येत नाही, सोबत लागते, हे मी संडे स्कूलच्या मुलांना दर वर्षी शिकवायचे. ती सोबत करायची कशी, हे विचारलं असतं तर मात्र माझी पंचाईत झाली असती.

मी नंदुरबारची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. विश्वास माझ्याकडे घराण्यातून आला. 1890 साली अमेरिकेत फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकानं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन सुरू केलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मिशनची माणसं आमच्या पश्चिम खानदेशात आली. त्यांच्याच काळात आमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा झाला. माझ्यापर्यंत येईतो सगळं रुळलेलं होतं. पाठांतराच्या स्पर्धेत माझा नंबर ठरलेला, नाताळच्या नाटकात मरियेचं काम ठरलेलं. शाळा संपायच्या आत बाप्तिस्मा घेतला, नोकरी लागल्यावर दशमांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग मंडळीला देणं, सुरू केला, लग्नानंतर महिला मंडळाची सेक्रेटरी झाले. बायबलचं वचन विचारा, अध्याय-ओवीसकट सांगायचे. तेव्हा कुणी मला म्हटलं असतं की तू विश्वासात अजून लहान आहेस, तर मला राग आला असता.

मग नवे पाळक आले. वयानं तरुण, बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की मागे न हटणारे. पावसाळ्यात एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मंडळीचे लहान लहान गट पाडले. आम्हाला वाटलं होतं, गल्लीप्रमाणे पाडतील किंवा ज्याचं त्याच्याशी जमतं त्याप्रमाणे. त्यांनी एक वही काढली आणि नावं वाचून दाखवली. सासू-सून एका गटात नाहीत, सख्ख्या जावा नाहीत, नणंद-भावजय नाहीत. बाकी सगळी सरमिसळ.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. आमच्याकडे ती सगळ्यात मोठी अडचण होती. गावात आमची घरं मोजकी आणि सोयरीक आपापसातच. आज मी ज्या बाईजवळ मन मोकळं करीन ती उद्या माझ्या भावाची विहीण होऊ शकते. चिंचपाड्यात बोललेलं संध्याकाळच्या गाडीनं अमळनेरला पोचतं, असं आमच्यात गमतीनं म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. अशा ठिकाणी "आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा" हे याकोबाच्या पत्रातलं वचन भिंतीवर लावायला ठीक. पाळायला गेलं तर मुलींची लग्नं जमायची नाहीत.

आमच्या गटात सहा जणी आल्या. मोठी माय, सत्तरी ओलांडलेली विधवा. तिच्याच घरी आम्ही जमायचो. नर्सबाई, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या, अजूनही घड्याळ उलटं, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात. टेलरताई. कॉलेजात जाणारी एक मुलगी, तिला आम्ही धाकटी म्हणायचो. मी. आणि पथारीवरची ताई.

ज्यांनी नंदुरबार पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथं मिरचीचा मोठा बाजार आहे. हंगामात शहराबाहेर मोकळ्या रानांत लाल मिरची वाळत पसरलेली असते, त्या जागांना पथारी म्हणतात. तिथं बायका दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. ताई मूळची नवापूरकडची, मावची ही आदिवासी बोली बोलणारी. लग्नानंतर काही वर्षांनी स्वतःच्या मनानं विश्वासात आलेली. तिच्या माहेरी-सासरी दुसरं कुणी ख्रिस्ती नाही. गटात आली की आधी हाताला खोबरेल तेल चोळायची, बोटांची आग होत असे म्हणून. हंगामात तिच्या लुगड्याच्या वासानं आम्ही सगळ्या ठसकायचो आणि मोठी माय म्हणायची, आज प्रार्थनेत डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच येणार.

वार गुरुवार ठरला, कारण टेलरताईचं दुकान त्या दिवशी बंद. शेजारच्या पाटीलकाकूंनी एकदा विचारलं, "तुमचं पण पारायण असतं का दर गुरुवारी?" काकू स्वामी समर्थांच्या केंद्रात जातात. मी म्हटलं, तसंच समजा. "वार चांगला धरलात," म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यापासून आमच्या बैठकीच्या वेळी टीव्हीचा आवाज कमी ठेवू लागल्या.

सुरुवातीचे महिने कंटाळवाणे गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही. आम्ही एक गीत म्हणायचो, एक उतारा वाचायचो, मग मी त्याचा अर्थ सांगायचे. शिक्षिका ना! बाकीच्या माना डोलवायच्या, गुडघेदुखीचे विषय निघायचे, चहा व्हायचा. पाळक एकदा येऊन कोपऱ्यात बसून ऐकून गेले आणि जाताना मला एवढंच म्हणाले, "बाई, पुढचे दोन महिने अर्थ सांगू नका. वाचा आणि गप्प बसा."

दुसरी एक गोष्ट त्यांनी सगळ्या गटांना सांगितली, ती जॉन वेस्ली या जुन्या इंग्लिश प्रचारकाची. इंग्लंडात ब्रिस्टल गावी वेस्लीच्या लोकांनी सभागृह बांधलं, त्याचं कर्ज झालं. 1742 साली ते फेडायचं कसं म्हणून बैठक बसली. फॉय नावाच्या एका कॅप्टननं सुचवलं की दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करू. कुणी म्हणालं, गरिबांना तेवढंही जमणार नाही. तो म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण मला द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. मग बाराबारांचे गट पडले. वसुलीसाठी घरोघर जाणाऱ्यांना दिसू लागलं की कोण कसं जगतंय. कुठं दारू चाललीय, कुठं नवराबायकोचं बोलणं बंद आहे. पैशासाठी पाडलेल्या गटांत एकमेकांच्या जिवाची विचारपूस सुरू झाली. दर आठवड्याला एकच प्रश्न: तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय?

टेलरताई पटकन म्हणाली, "हा तर बचत गट झाला!" सगळ्या हसल्या. पण त्यामुळेच ती गोष्ट आम्हाला पटली. बचत गट आम्ही सगळ्या चालवत होतो. तिथं हजेरी लागते, न आलेल्या बाईकडे कुणीतरी जाऊन येतं, कुणाचा हप्ता का थकला याची चौकशी होते. पैशाची एवढी काळजी आम्ही घेत होतो आणि जिवाची घेत नव्हतो. पुढच्या गुरुवारी मोठ्या मायनं बचत गटाच्या पासबुकासारखी एक शंभर पानी वही आणली. तिच्यात फक्त हजेरी आणि कुणाकडे कोण जाऊन आलं एवढंच लिहायचं ठरलं. बोललेलं काहीच लिहायचं नाही. आणि बोललेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. हे शेवटचं ठरायला तीन चहा लागले.

आमचा अभ्यास मार्काच्या शुभवर्तमानावर सुरू झाला. महिन्याला एकच उतारा, दर गुरुवारी तोच. दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमची गोष्ट आहे. येशू घरात शिकवतोय, दारापर्यंत गर्दी, चौघे जण एका पक्षघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात, आत जायला वाट नाही म्हणून वर चढून छप्पर उघडतात आणि त्याला खाली सोडतात. ही गोष्ट मी मुलांना फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून कितीतरी वेळा शिकवली होती. त्यातून काढायचे धडे मला पाठ होते. पण गप्प बसायचं ठरलं होतं, म्हणून बसले.

ताई अडखळत वाचायची. वाचून झालं, थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग तिनं विचारलं, "मग ते छप्पर कुणी नीट केलं?"

मला हसू आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. तिच्या माहेरचं घर कुडाच्या भिंतींचं आणि कौलांचं. एक रांग कौलं सरकली तर काय होतं, पावसाआधी शाकारणीला किती हात लागतात, हे तिला माहीत होतं. आम्हा स्लॅबखाली राहणाऱ्यांना तो प्रश्न पडलाच नसता. नर्सबाई म्हणाल्या, त्या चौघांनीच केलं असणार, अशी माणसं अर्धवट काम सोडून जात नाहीत. टेलरताई म्हणाली, जो बरा झाला त्यानं केलं असेल, हातपाय आले ना त्याला. मग मोठी माय म्हणाली, "ज्याचं घर होतं तो काही बोलल्याचं लिहिलेलं नाही."

त्या महिन्यात दर गुरुवारी आम्ही त्या घरमालकावर आलो. आपल्या डोक्यावर माती पडत असताना तो गप्प बसला. आणि त्याच उताऱ्यात आहे की येशूनं "त्यांचा विश्वास" पाहिला, त्या चौघांचा. बाजेवरच्या माणसाचा विश्वास होता की नव्हता, मार्क काही सांगत नाही. तो तर एक शब्दही बोलत नाही. त्याला दुसऱ्यांनी आणला. धाकटी म्हणाली, "म्हणजे मला विश्वास ठेवता येत नसेल तेव्हा तुम्ही ठेवलात तर चालतं?" तिच्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते मी लिहिणार नाही. पण त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली, आणि आमचा गट खरा त्या गुरुवारी सुरू झाला असं मी धरते.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. माणसं जवळ आली की एकमेकांना लागतात. टेलरताईनं बचत गटातून इंटरलॉकच्या मशीनसाठी कर्ज घेतलं होतं. लग्नसराई मंद गेली, हप्ते थकले. नर्सबाई त्या गटाच्या खजिनदार. त्यांनी मासिक बैठकीत, सगळ्या बायकांसमोर, आकडे वाचून दाखवले. आकड्यांत चूक नव्हती. दोघींचं बोलणं बंद झालं. गुरुवारी दोघी यायच्या, वहीत दोघींची हजेरी लागायची, पण एक खिडकीजवळ आणि दुसरी दाराजवळ बसायची. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घ्यायचा, रविवार आला तेव्हा टेलरताईनं भाकर आणि प्याला पुढं जाऊ दिला, घेतला नाही. नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनीही घेतला नाही. मंडळीत कुजबुज झाली.

मोठ्या मायच्या जागी मी असते तर मत्तयाचा अठरावा अध्याय काढला असता. बंधूनं अपराध केला तर आधी एकांतात जाऊन सांग, मग एकदोघांना घेऊन जा. किंवा इफिसकरांस पत्रातलं प्रीतीनं सत्य बोलण्याचं वचन. नर्सबाईंना ही सगळी वचनं येत होती. मोठ्या मायनं एकही वचन काढलं नाही. उन्हाळा होता, तिनं बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला काढले आणि दोघींना निरोप धाडला.

खानदेशात बिबड्यांना बोलावलं की नाही म्हणता येत नाही. ज्वारी आधीच भिजवून कांडून ठेवलेली असते, पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा शिजतो, आणि तो गरम असतानाच थापावा लागतो. एकटीचं काम नव्हे. गच्चीवर खाटांवर ओली धोतरं पसरलेली, एका खाटेच्या एका बाजूला नर्सबाई, दुसऱ्या बाजूला टेलरताई. मीही होते, तीळ-लसूण वाटायला. पहिला तासभर त्या दोघींत "पाणी दे" आणि "जाड झाला" याखेरीज शब्द नव्हता. मग घाट्याचा चटका नर्सबाईंच्या मनगटाला बसला आणि टेलरताईनं न बोलता त्यांचा हात ओढून पाण्याच्या बादलीत बुडवला. समेट तिथं झाला नाही. समेट व्हायला पुढं नाताळ उजाडला, आणि तोही नर्सबाईंनी त्याच बायकांसमोर उभं राहून "मी हे हिच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं" म्हटल्यावर. पण मधल्या सगळ्या महिन्यांत दोघींपैकी एकीनंही गुरुवार चुकवला नाही. मोठी माय मला एकदा म्हणाली, "भांडण मिटाले टाइम लागस. तवलोंग बठनं येवाले पाहिजे." भांडण मिटेपर्यंत एका खोलीत बसता आलं पाहिजे. आत्म्याच्या फळांत सहनशीलता आहे, सौम्यता आहे, ममता आहे. एकांतात गुडघे टेकून यांतलं कोणतं फळ पिकलं आहे की नाही हे समजायचा मार्गच नाही. समोर न आवडणारं माणूस लागतं.

माझी पाळी नंतर आली. वडिलांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस धुळ्याला. दोंडाईच्यावरून एसटीनं जायचं, त्यांना चार तास मशीनवर ठेवायचं, परत यायचं. भाऊ बाहेरगावी, माझी शाळा. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. गटात "वडिलांसाठी प्रार्थना करा" एवढंच. देण्याची मला सवय होती, घ्यायची नव्हती. दुसऱ्याच्या घरी डबा पोचवताना मला बरं वाटायचं. माझ्या दारात टेलरताई डबा घेऊन उभी राहिली तेव्हा मी "कशाला उगीच" म्हणत जवळजवळ परत दिला. ती म्हणाली, "बाई, वांग्याचं भरीत आहे, परत नेईपर्यंत पाणी सुटेल." मग नर्सबाईंनी न विचारता आठवड्याची एक खेप आपल्याकडे घेतली. हॉस्पिटलात कसं बोलायचं ते त्यांना कळत होतं, वडीलही त्यांचं ऐकत. धाकटी माझ्या मुलाचा अभ्यास घेऊ लागली.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. आणि तीनच ओव्यांनंतर म्हणतो, प्रत्येकानं आपापला भार वाहायचा आहे. आधी मला यात विसंगती वाटायची. वडिलांच्या त्या वर्षात ती राहिली नाही. त्यांच्या उशाशी बसणं, त्यांचं चिडणं ऐकणं, मृत्युपत्राबद्दल भावाशी बोलणं हे माझंच होतं, ते कुणी करू शकलं नसतं. पण डबा, खेपा, मुलाची गणितं यांच्याखाली मी दबले असते तर तेही माझ्याकडून झालं नसतं.

वडील गेले. दफनविधीला सगळी मंडळी आली, पाळक चांगलं बोलले, मी रडलेही नाही. आणि मग माझी प्रार्थना बंद पडली. राग म्हणावा तर रागही नव्हता. डोळे मिटले की समोर काहीच नसायचं. रविवारी मी संडे स्कूल घेत होते, मुलांकडून वचनं पाठ करून घेत होते, आणि आत कोरडं. दोन-तीन गुरुवार मी ओठ हलवून वेळ मारून नेली. मग एकदा माझी वेळ आल्यावर म्हटलं, "मला प्रार्थना करता येत नाही. किती दिवस येणार नाही माहीत नाही."

मला धास्ती होती वचनांची. "सर्व गोष्टी मिळून कल्याणच होतं" असं त्या दिवशी कुणी म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. मोठी माय म्हणाली, "बठ पोरी. बोलानं नही ते नको बोलू." आणि नर्सबाई, जणू ड्यूटी लावत असाव्यात तशा, म्हणाल्या, "ठीक आहे. तुझ्या वाटणीची प्रार्थना आम्ही करू. तू यायचं मात्र चुकवू नकोस." वहीत माझी हजेरी लागली.

त्या महिन्याचा उतारा बदलून त्यांनी स्तोत्र 88 घेतलं. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचा शेवट कुठंतरी आशेवर, स्तुतीवर होतो. अठ्ठ्याऐंशीचा होत नाही. ते अंधारात सुरू राहतं आणि अंधारातच संपतं. आप्तमित्र दूर गेले, सोबतीला काळोख, बस. इतकी वर्षं पाठांतर करून, मुलांना शिकवून, या स्तोत्रावर मी एकदाही थांबले नव्हते. पाठांतराच्या यादीत ते कधी नसतंच. दर गुरुवारी त्या पाच जणी ते मोठ्यानं वाचायच्या आणि वाचून झाल्यावर त्याला आशेची पुरवणी जोडायच्या नाहीत. ताई मावचीत प्रार्थना करायची. तिच्या प्रार्थनेत माझं नाव यायचं, वडिलांचं यायचं, बाकी मला फारसं समजायचं नाही, आणि त्या दिवसांत ते बरंच वाटायचं.

प्रार्थना परत कधी सुरू झाली, नेमका दिवस सांगता येत नाही. शाळेत एका मुलीचे वडील बारडोलीकडे ऊसतोडीवर असताना वारले. ती वर्गात आली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात तिच्यासाठी बोलते आहे. पूर्वीची मी असते तर तिला एखादी बोधकथा सांगितली असती. हे मला नंतर धाकटीनं दाखवून दिलं. मी गटात तो प्रसंग सांगत होते, तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही तिला काहीच शिकवलं नाही?"

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लेखक वाचकांना खडसावतो: इतक्या काळानं तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, आणि तुम्हाला अजून दूधच लागतंय. पूर्वी हे वाचताना मी स्वतःला शिक्षकांच्या रांगेत धरायचे. पुढं तो म्हणतो की प्रौढांना सरावानं बरंवाईट ओळखता येतं. सरावानं, हे मला आता जास्त पटतं. पाठांतर वाया गेलं असं मी म्हणणार नाही. स्तोत्र 88 वाचताना जुन्या कराराची भाषा कानाला परकी वाटली नाही ती त्यामुळेच. पण सराव घरात एकटीनं झाला नसता.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीनंतर ताई गावात नव्हती. नवऱ्यानं मुकादमाकडून उचल घेतली होती, ऊसतोडीच्या कोयत्याला नवराबायकोची जोडी लागते, म्हणून तीही गुजरातेत ऊसतोडीला गेली. तिच्या हजेरीच्या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न आला. मोठी माय म्हणाली, हजर लिहा, आपण तिला फोन करतोच आहोत. फोन रात्री उशिरा लागायचा, मागं ट्रकांचे आवाज. नर्सबाई स्पीकरवर टाकून तोच प्रश्न विचारायच्या: जिवाचं कसं चाललंय? सुरुवातीला ती म्हणायची, बाई, दमतो, झोपतो. पुढं पुढं म्हणू लागली, कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, आम्ही बसतो. कोण आम्ही? शेजारच्या कोप्यांतल्या बायका. काय करता? "काही नाही. मी एक गोष्ट सांगते, त्या ऐकतात. मग ज्याला बोलायचं तो बोलतो." कोणती गोष्ट सांगितलीस पहिली? तर छपराची.

होळीला ती परत आली. आमच्या आदिवासी भागात होळीसारखा दुसरा सण नाही, गेलेली माणसं होळीला येतातच. तिच्याबरोबर त्या कोप्यांतल्या काही बायकाही गुरुवारी मोठ्या मायच्या दारात आल्या. सगळ्याच विश्वासात आल्या होत्या असं नाही. काही जणी फक्त बसायला आल्या होत्या, आणि कुणी त्यांच्याकडून आणखी काही मागितलं नाही. खोली पुरेना. पाळक म्हणाले, आता गट दोन करा.

हे मात्र आम्हा सहा जणींना जड गेलं. कुणालाच हलायचं नव्हतं. मी तर स्पष्ट म्हटलं की मला या पाच जणी सोडून दुसरीकडे बसायचं नाही. नर्सबाई म्हणाल्या, "म्हणूनच तुला पाठवायला पाहिजे." ठरलं ते असं: नवा गट ताईच्या घरी, तिनं चालवायचा, मावचीत. मोठी माय, टेलरताई आणि नर्सबाई जुन्या जागी. धाकटी आणि मी ताईबरोबर.

ताईच्या घरी मी आता गुरुवारी खाली चटईवर बसते. वाचन ताई ठरवते, प्रश्न ताई विचारते. मला मावची निम्मीअर्धी कळते. बायका मोठमोठ्यानं हसतात तेव्हा कशाला हसल्या ते मला दोन मिनिटांनी समजतं. माझी प्रार्थना मराठीतच होते, आणि ताईची सातवीतली मुलगी तिचं मावचीत भाषांतर करते. माझीच विद्यार्थिनी आहे, चुणचुणीत. परवा तिनं मधली दोन-तीन वाक्यं सरळ गाळली. घरी निघताना मी तिला विचारलं, का गं, ते का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "बाई, ते तुम्ही आधीच एकदा म्हणाला होता."